अण्णांची काडतुसं आणि माझा दरवाजा

मी आयुष्यात एकूण पाच गोळ्या झाडल्या आहेत, आणि त्यातल्या तीन शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर लागल्या. कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हाची गोष्ट. (त्या मुलाला त्या दिवशी बक्षीस मिळालं.) पण लग्न ठरत असताना भावी सासऱ्यांना मी फक्त "एनसीसीत नेमबाजी केलीय" एवढंच सांगितलं. पुढचा तपशील द्यायची गरज वाटली नाही.

सासरे, म्हणजे अण्णा, गुहागरजवळच्या एका गावात राहतात. बागेत रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक आहे. मी कुवेतला एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. शिशाशी माझा संबंध अंगावर घालायच्या एप्रनपुरता. तर गेल्या महिन्यात अण्णांच्या शेजारच्या घरात चोर शिरले, आणि मला फोन आला.

"सुहासराव, परवा चिपळूणला जातोय काडतुसं आणायला. डुकरांचं मला कळतं हो. पण घरात माणूस शिरला तर कुठला नंबर वापरायचा? तुम्ही त्यातले जाणकार."

"आठ नंबर," मी ठोकून दिलं. त्यातल्या त्यात मोठा आकडा तोच सुचला.

मग अण्णा जपून म्हणाले, "आठने पारवा पडतो. आकडा वाढला की छर्रा बारीक होतो ना?"

"तेच म्हणतोय, अण्णा. आठ अजिबात नको. मी नीट बघून सांगतो."

आता आली का पंचाईत! नंबर चुकला तर तिकडे दोन म्हातारी माणसं चोरासमोर उभी, आणि इकडे चौदा वर्षं जपलेली माझी अब्रू गेलेली. फोनवर शोधावं, तर 'घरासाठी काडतुसं' असं कुवेतमध्ये बसून टाइप करायला माझं बोट धजेना. म्हटलं, जाणत्या माणसालाच विचारावं. इथल्या रुमैथिया भागात आम्ही ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो ते अबू फहाद शिकारीचे शौकीन आहेत आणि मोडकं हिंदी बोलतात. संध्याकाळी त्यांच्या दिवाणियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, चहा आणि गप्पा चालतात. मी जाऊन बसलो. दोन पेले चहा झाल्यावर विषय काढला.

"अबू फहाद, घर में कोई घुसा तो कौन सा कारतूस ठीक?"

एक म्हातारबुवा म्हणाले, जाड छर्रा. दुसरे म्हणाले, बारीक, घरात अंतर कमी असतं. तिसऱ्यांनी विचारलं, या भाडेकरूकडे बंदूक आली कुठून? मला दरदरून घाम फुटला.

"मेरे पास नहीं है! बंदूक ससुर के पास है!"

अबू फहादनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सदीक," म्हणजे मित्रा, "ससुर गुस्सा है?"

"नहीं, नहीं, बहुत अच्छा आदमी है. परसों कारतूस खरीदने जा रहा है."

यानंतर मी जे जे बोललो त्याने सासरा मलाच मारायला निघालाय ही त्यांची समजूत पक्की होत गेली. शेवटी सगळे मला दारापर्यंत पोहोचवायला आले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी खाली पाहतो तर फाटकात खुर्ची टाकून खुद्द अबू फहाद! आपल्या छपराखालच्या माणसाला भीती वाटते म्हणजे त्यांच्याच घराची बेअब्रू. पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दोनदा विचारलं, तू याचा सासरा आहेस का?

"बाबा, आर वी इन डेंजर?" आमची तन्वी दहा वर्षांची आहे.

"काय करून ठेवलंस?" नीलमने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"अण्णा बंदूक घेऊन कुठे उभे राहणार?"

"माजघरात, बहुतेक."

"आई कुठे झोपते?"

"पलीकडच्या खोलीत."

"आणि मधे काय आहे?"

मधे फळ्यांची भिंत आहे. बोटभर जाडीची. रोज माणसांच्या आरपार बघायचा पगार घेतो मी, आणि त्या फळीपलीकडे सासूबाई आहेत हे मला दिसलं नव्हतं. मी तडक फोन लावला.

"अण्णा, कुठलाच नंबर नको. मधल्या फळीतून छर्रा आईंना लागेल. आणि मला यातलं काही कळत नाही. माझा नेम शेजाऱ्याला लागतो."

"ते ठाऊक आहे हो. लग्नाआधी चौकशी केली होती मी."

"मग मला कशाला विचारलंत?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "ही रोज घाबरते. मीही घाबरतो. ते कुणाला सांगणार? काडतुसाचं विचारलं की निदान बोलणं होतं."

फोन नीलमने घेतला, आणि बोलता बोलता फाटकातल्या खुर्चीचंही सांगून टाकलं. अण्णांचा आवाज एकदम खणखणीत झाला. "जावयाच्या दारात पहारा? म्हणजे खरी गरज तिकडे आहे. व्हिसा बघा आमचा."

बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून अण्णा आणि सासूबाई तीन महिन्यांसाठी कुवेतला आली. "ये मेरे ससुर," मी घाबरत घाबरत ओळख करून दिली. अबू फहादनी अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि दुसरी खुर्ची मागवली.

अण्णांना हिंदी येत नाही आणि अबू फहादना मराठी, पण हातांची बंदूक करून दोघांची रोज शिकार चालते. सासूबाई वर निवांत झोपतात. या घरात नजर ठेवावी असा माणूस कोण, यावरही दोघांचं एकमत झालंय: जो काडतुसांची चौकशी करत फिरला तो. कामावरून आलो की आधी अबू फहाद माझी पिशवी तपासतात, आणि मग अण्णा.