खरपे धरणाऱ्या गोदाकाकू

आमच्या शेजारच्या गोदाकाकू नवऱ्याला हाक मारायच्या ती काहीतरी फेकूनच. कधी लाटणं, कधी ओली चप्पल, एकदा तर पेटतं लाकूड. किसनकाकाही ऐकून घेणारे नव्हते. "एक दिवस ह्याचा मुडदा पाडते का न्हाई बघा," असं काकू साऱ्या गल्लीला सांगायच्या, आणि गल्लीचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

दोघं कयाधू नदीच्या खडकाळ धारेत हातांनी खरपे धरायचे. खरपा म्हणजे बोटाएवढा, वाळूच्या रंगाचा मासा. डोळे डोक्यावर, अंग खरखरीत, आणि पोटाखालचे पर जुळून झालेली वाटी. त्या वाटीनं तो दगडाला असा चिकटतो की लोंढ्यातही हलत नाही. दोन्ही हात दगडाखाली गुंतले की आधी धरलेला खरपा ही दोघं दातांत धरून ठेवायची.

मागच्या उन्हाळ्यात मी शेताच्या पाण्याची मोटार बघायला नदीवर गेलो, तेव्हा पाण्यात त्यांचं जुंपलंच होतं. उत्तर द्यायला काकांनी तोंड उघडलं आणि दातांतला खरपा सरळ घशात गेला.

काठावरच्यांना हे कळलंच नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की काकूंनी नवऱ्याला खडकावर आडवं पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडात हात कोंबला. काका निळे पडत चालले होते. "मारून राहिली ना ती त्याला," म्हणत दोघं काठ्या घेऊन धावले. एकानं केस ओढले, दुसऱ्यानं खांद्यावर काठी हाणली. काकू हलल्या नाहीत.

"मंग मारा मला. आधी ह्याचा जीव वाचू द्या," त्या ओरडल्या.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत रक्ताळलेला खरपा तडफडत होता. काकांचे दात काकूंच्या पहिल्या बोटाच्या हाडापर्यंत रुतले होते. काकांनी श्वास घेतला, तशी काकूंनी त्यांना एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग त्या मोठ्यानं रडल्या.

ते बोट आता वळत नाही, म्हणून काका एकटेच पाण्यात उतरतात. काकू उन्हात काठावर बसून असतात. घरी का थांबत नाही, असं मी परवा विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नजर हालली अन् त्यानं पुन्हा गिळला, त काढायला मला हात कुठं हाय आता?"

आणि पाण्याकडे तोंड करून खेकसल्या, "मिट ते तोंड, मुडद्या."