दाजींचं वाजणारं कोपर

मरून साटनचा ब्लाउजपीस मी असा काही तिरका कापला, की त्यातून ब्लाउज नव्हे, पतंग निघाला असता. गुलमंडीत कापड विकण्यात माझी हयात गेली. कात्री चालवायला मला डोळे लागत नाहीत, ही माझी नेहमीची फुशारकी. त्या दिवशी डोळे होते, बोटं नव्हती. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पार बधिर.

"काका, चष्मा बदला," गिऱ्हाईक बाई म्हणाल्या. त्यांना दुसरा तुकडा दिला, वाया गेलेला घरी आणला.

मानेची नस दबली असणार, असं निदान मीच केलं आणि पंधरा दिवस गळ्यात पट्टा घालून हिंडलो. बोटं ढिम्म. शेवटी बायकोनं हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेकडे बघितलंसुद्धा नाही. कोपर धरून वाकवलं. कट्. आणखी वाकवलं. पुन्हा कट्.

"हे कधीपासून?"

मी खुललो. वर्षभरापूर्वी पन्नाशीच्या धाकानं रोज जोर मारायला लागलो, दंड जरा भरले आणि कोपर वाजू लागलं. सासुरवाडी पिशोरची. तिथं गेलो की मेहुणे घेरूनच बसतात, "दाजी, वाजवा की! लई भारी वाजतंय!" जावयाच्या दुसऱ्या कशाचंच एवढं कौतुक नव्हतं, म्हणून मी वाजवायचो.

"दिवसातून किती वेळा वाजवता?"

"पाहुणे किती आलेत, त्याच्यावर आहे."

बायकोनं कपाळावर हात मारला.

सोनोग्राफीत डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. कोपराच्या आतल्या बाजूला खोबणीत एक नस असते. माझी नस हात वाकवला की हाडावरून उडी मारायची, हा पहिला कट्. मागोमाग दंडाचा स्नायू घसरायचा, तो दुसरा. प्रत्येक प्रयोगाला नस घासली जात होती.

"साहेब, कात्रीचा हात आहे हो," मी म्हणालो.

"नस दमलीय, मेली नाही. जोर बंद, कोपर टेकवणं बंद, झोपताना हात सरळ. आणि प्रयोग तर आजपासून बंदच. तीन महिन्यांत फरक नाही पडला, तर ऑपरेशन करून नस पुढं सरकवू."

बायकोनं कोपराला बांधायला कापूस भरून जाड पट्टी शिवली. कशाची? त्याच मरून साटनची. झोपताना ती बांधली, की हात नवरदेवासारखा दिसायचा.

दीड महिन्यानं करंगळीला मुंग्या आल्या. मुंग्यांचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तीन महिने झाले तेव्हा शर्टाची बटणं झरझर लागत होती. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं.

त्या रविवारी घरी मी एक ब्लाउजपीस कापला. बायकोनं दोन्ही टोकं जुळवून पाहिली.

"सरळ आहे," ती म्हणाली, आणि खिडकीतून खाली बघत पट्टी माझ्या अंगावर टाकली. "बांधा लवकर. पिशोरचे पाहुणे आलेत."