शेवटचा हात

माझ्या सासऱ्यांच्या गाडीत बोलायची चोरी होती. लग्न होऊन बदलापूरला आले त्याच आठवड्यात नाना मला आणि सासूबाईंना अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन निघाले. नव्या सुनेनं काहीतरी गोड बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर नाना म्हणाले, "थांब जरा. आधी ती काय म्हणतेय ते ऐकू." ती म्हणजे गाडी. काळी, बोजड, माझ्या नवऱ्याहून वयानं मोठी. मला मेलीला अशी लाज वाटली की देवळापर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले.

नाना अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पण खरी नोकरी त्यांनी त्या गाडीचीच केली. गाडी एका बाजूला ओढायला लागली की आधी चाकांतली हवा बघायची. मग थोडं चालवून खाली उतरायचं आणि चारही चाकांना उलटा हात लावायचा. जे चाक जास्त तापलंय तिथं ब्रेक धरून बसलाय. हिरव्या चुड्याचा हात मीही भर रस्त्यात चाकाला लावलाय, आणि येणारे-जाणारे बघताहेत! आवाजाचंही तसंच. कुई आली तर तिला ग्रीस हवंय, वळताना एकदाच टक् झालं तर कुठला तरी सांधा सैल झालाय. नानांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि ते त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. "आवाज आपोआप येत नाही. शेवटचा हात कोणाचा लागला, ते आधी विचारा." मिक्सर बिघडला, नळ गळला, आमटी खारट झाली, नाना हेच विचारायचे. आमटीला बहुतेक माझाच हात असायचा.

गाडीला मात्र नानांखेरीज एकाच माणसाचा हात लागे, उल्हासनगर कॅम्प चारमधल्या हशूभाईचा. सिंधी माणूस, नानांच्याच वयाचा, गॅरेज पत्र्याचं. काम असो नसो, आठवड्यातून एकदा नाना तिथं चहाला जायचे. हशूभाईची एक रीत होती. पार्ट बदलला की जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, म्हणजे खरंच बदलला याची खात्री पटावी. नानांनी तो कधीच घेतला नाही. "मला कशाला? तू म्हणालास बदलला, म्हणजे बदलला." उल्हासनगरच्या डुप्लिकेट मालावरून कोणी विनोद केला तर नाना जेवणावरून उठायचे, इतका त्यांना असल्या बोलण्याचा राग.

एका नवरात्रात गाडी डावीकडे ओढायला लागली. हवा ठीक, ब्रेक ठीक. हशूभाईनं डाव्या बाजूचा स्टिअरिंगचा सांधा काढून नवा बसवला आणि ओढणं थांबलं. खंडेनवमीला संध्याकाळी गाडी घरी आली. दसऱ्याला सकाळी नानांनी बॉनेटला हार घातला, त्याहून जास्त पूजा त्यांना चालत नसे, आणि मला घेऊन हशूभाईकडे सोनं द्यायला निघाले. पहिल्याच डाव्या वळणाला टक्. दुसऱ्या वळणाला पुन्हा टक्. नानांचा चेहरा बदलत गेला. मी म्हटलं, घरी जाऊन बघू या का? ते म्हणाले, "बघायचंय काय? शेवटचा हात कोणाचा?"

गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा मांडलेली, चारचौघं गिऱ्हाइकं आलेली. पांढरेशुभ्र कपडे घालून हशूभाई पेढ्यांचं ताट घेऊन पुढे आला. नाना गाडीतून उतरले आणि नव्याचे पैसे घेऊन जुनाच सांधा बसवलास म्हणून सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणाले. तेवढ्यावरही थांबले नाहीत. "शेवटी तूही कॅम्पातलाच माल," असं म्हणाले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हशूभाईनं ताट खाली ठेवलं आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरायला तो वाकला. "हात लावू नकोस," नाना म्हणाले, आणि आम्ही निघालो. आपट्याची पानं माझ्या मांडीवर तशीच राहिली.

घरी आल्यावर नानांनी चटई टाकली, स्टिअरिंगखाली डोकं घातलं. टॉर्च मी धरला होता. डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या दांड्याला लाल दोऱ्यानं एक पिवळी पुरचुंडी बांधलेली होती. आत सुपारी आणि नाणं. चाक डावीकडे फिरलं की ती पत्र्यावर आपटायची. टक्.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी गाडीची दृष्ट काढून त्यांनीच बांधली होती. "तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही," एवढंच त्या म्हणाल्या. नाना त्यांच्या उपासतापासांना जन्मभर हसत आले होते. त्या दिवशी त्यांना वर बघवेना. पुरचुंडी त्यांनी सोडली नाही. गाठ थोडी वर सरकवली, पत्र्याला लागणार नाही अशी.

दिवाळी उलटली तरी त्यांना कॅम्प चारला जायचा धीर होईना. गाडी ते चालवायचे, पण तिचं ऐकायचे नाहीत. आम्ही बोललो तरी चालायचं, आणि तेच आम्हाला नकोसं व्हायचं. शेवटी एका सकाळी मला म्हणाले, "चल गं बरोबर. एकट्यानं जमत नाही." गॅरेजवरून गाडी आधी तशीच पुढे नेली, मग वळवून आणली. आत गिऱ्हाइकं होती. हशूभाई नानांना कोपऱ्यात घेऊ लागला, पण नाना हलले नाहीत.

"चोर इथंच उभं राहून म्हणालो होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणून इथंच सांगतो. माल चोख होता. शेवटचा हात माझ्याच घरचा होता. मी हलका माणूस निघालो, हशू."

हशूभाईनं फडक्याला हात पुसले. "छोडो नाना, हो गया," म्हणाला, चहा मागवला, सासूबाईंची चौकशी केली. सुटले बाई, असं वाटून मी दोन घोट जास्तच प्यायले.

उन्हाळ्याच्या तोंडावर चाकाचं एक बेअरिंग बदलायला गाडी त्याच्याकडे गेली. आणायला मीही गेले होते. मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती. आत जुनं, झिजलेलं बेअरिंग. हशूभाई खिडकीशी हसत उभा होता. त्या हसण्यात टोमणा नव्हता, खोच नव्हती. नानांनी आरशातून पुडी पाहिली आणि गाडी सुरू केली. बदलापूरला, मांजर्लीतल्या आमच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. मग चाकावर हात तसेच ठेवून म्हणाले, "त्यानं मला माफ केलं गं. पण आता मी त्याचं गिऱ्हाईक झालो."

पुढे प्रत्येक कामाला पुडी यायची. मला देऊ नकोस, हे हशूभाईला सांगायचं तोंड आपल्याला उरलं नाही, असं नाना म्हणत. पुडी न उघडता ते गाडीच्या शेडमधल्या फळीवर ठेवत. एकदा मी साचलेल्या पुड्या भंगारात द्यायला काढल्या, तर हातातून घेऊन परत ठेवल्या. "राहू दे. ते माझं आहे."

नाना गेले, गाडीही गेली. फळी अजून आहे, पुड्यांसकट. भंगारवाला आला की मी एकदा तिकडे बघते आणि काही नाही म्हणून सांगते.