कात्रीची जखम

गल्लीत तिला सगळे मास्तर म्हणत. बाईमाणूस असली म्हणून काय झालं, कापड बेतावं तर तिनंच. पन्नाशी ओलांडली तरी खडूची रेघ एकदाच मारायची आणि कात्रीही एकदाच चालवायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायची, "मापाचा मिळाला नाही." घरात ती आणि एक्याऐंशी वर्षांची आई, एवढाच संसार.

आईचं डोकं गेली तीन वर्षं विरत चाललं होतं. लेकीला कधी जाऊबाई म्हणायची, कधी नुसतंच "अहो बाई". हाताला चाळा म्हणून मास्तरनं तिला मशीनशेजारी बसवून बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला दिली होती. संध्याकाळी ती सगळी पुन्हा एका डब्यात ओतायची, म्हणजे उद्याची सोय.

थोरला दादा परगावी. महिन्यापूर्वी आईनं गॅस तसाच सोडला, तेव्हा तो येऊन बजावून गेला होता, "आणखी एक भानगड झाली की आईला वृद्धाश्रमात ठेवणार. जागा बघून ठेवलीय." दादा वाईट नव्हता. लांबून काळजी करणारी माणसं असतात, तसा होता. मास्तरनं मात्र मनाशी ठरवलं होतं, आई या घरातून जाईल ती खांद्यावरूनच.

एका सकाळी शाळेचे गणवेश बेतता बेतता तिनं वर पाहिलं, तर आईचा गाल फुगलेला. तोंडात बटण. "थुंक बघू," म्हटलं तर ओठ आवळून बसली. घशात अडकलं तर काय, या भीतीनं मास्तरनं उजव्या हाताचं बोट आत सरकवलं आणि बटण बाहेर ढकललं. पण कुणी परकी बाई आपल्या तोंडातला घास पळवतेय असं म्हातारीला वाटलं असावं. ती अशी कडकडून चावली की अंगठ्याशेजारच्या बोटाचा सांधा वरून आणि खालून फाटला.

मग रक्त बघून आईच घाबरली. "अहो बाई, लागलं का हो तुम्हाला?"

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर दादाचा शाळासोबती. आज त्याला सांगितलं की उद्या दादाच्या कानावर गेलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून मास्तर सांगून मोकळी झाली, "कात्री लागली."

डॉक्टरनं बोट फिरवून पाहिलं. "वरूनही आणि खालूनही?"

"कात्रीला दोन पाती असतात, डॉक्टर. तुमच्याकडे एका पात्याची आहे का?"

डॉक्टर हसला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तीन टाके घातले, पट्टी बांधली. आपल्या हजरजबाबीपणाचा तिला जन्मभर अभिमान होता. जळो मेला तो हजरजबाबीपणा! कात्रीची जखम शिवतात. माणूस चावला तर जखम भरपूर धुऊन उघडी ठेवतात आणि त्याच दिवशी औषध सुरू करतात, कारण माणसाच्या तोंडात जंतूंची वस्ती असते आणि वरून शिवलं की ते आत कोंडले जातात. डॉक्टरला हे सगळं ठाऊक होतं. समोरची खोटं बोलतेय, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोट ठणकायला लागलं. टाके आहेत, ठणकणारच, म्हणत तिनं त्याच हातानं अठरा गणवेश बेतले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पट्टीतून घाण वास यायला लागला आणि मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ निघाली. शेजारणीनं तिला रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि वर दादाला फोनही केला.

तिथल्या सर्जननं टाके कापले. पू भळाभळा बाहेर आला.

"हे कात्रीचं नाही. काय चावलंय?"

दादा कॉटच्या पायाशी उभा होता. मास्तरनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवून म्हणाली, "आई."

"कुत्रं चावलं असतं तर धावत येऊन सांगितलं असतंत ना?" सर्जन वैतागला. "पहिल्या दिवशी कळतं तर बोट वाचलं असतं हो."

दोनदा भूल देऊन जखम धुतली, आठ दिवस सलाईनमधून औषध दिलं. पण सांधा सडला होता, हाडही गेलं होतं. बोट मुळापासून काढलं. ती घरी आली तेव्हा आईची कॉट रिकामी होती. दादानं तिला चौथ्याच दिवशी नेलं होतं. बटणं रंगारंगाची वेगळी केलेली तशीच होती. मास्तरनं कात्री धरून पाहिली, पाती कापडावरून घसरत राहिली. उरलेले गणवेश दुसरीकडे गेले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

दोन महिन्यांनी वृद्धाश्रमातून बोलावणं आलं. आई आंघोळ घालणाऱ्या पोरीला चावली होती. पोरीच्या मनगटावर पट्टी होती.

"टाके नाही ना घातले?" मास्तरनं आधी तेच विचारलं.

"नाही. मी लगेच सांगितलं ना. भरत आलंय."

"शहाणी आहेस गं बाई."

तिथल्या बाईंनी कागद पुढे केला. पुढचे दात काढायचे, नाहीतर यांना घेऊन जा. घेऊन जाऊन करणार काय? मास्तरला स्वतःच्या झंपराचे हूक लागत नव्हते. दादा फोनवर म्हणाला, "तू म्हणशील तसं." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला. तिनं सही केली.

दातांच्या डॉक्टरपुढे आई ओठ घट्ट मिटून बसली. आश्रमातल्या दोघींनी धरलं, चुचकारलं, दटावलं, पण ती काही केल्या बधेना. शेवटी मास्तरला आत बोलावलं.

"आई, आ कर गं."

म्हातारीनं तिच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. चेहरा हळूहळू उजळला. "आलीस होय गं पोरी?" वर्षभरात तिनं लेकीला ओळखलं नव्हतं, ते त्या दिवशी ओळखलं. "किती वाट बघायला लावलीस," म्हणाली, आणि लेक सांगतेय म्हणून तोंड मोठं उघडून बसली.

मास्तरनं तिचा हात धरला आणि डॉक्टरला म्हणाली, "काढा."