पास दिला की जागा सोड

भूकंपानंतर मदतीचं धान्य ठेवायला लातुरातल्या आमच्या कॉलेजात पत्र्याची एक शेड उभी राहिली होती. धान्य वाटून संपलं, शेड राहिली. पुढं कित्येक वर्षांनी तिच्या सिमेंटच्या फरशीवर आम्ही फुटसाल खेळायचो. एका बाजूला पाचच खेळाडू, चेंडू लहान आणि जड, फारसा न उसळणारा. शिकवणारे क्रीडाशिक्षक उदगीरचे.

"पास देऊन पुतळ्यावानी उभा काय राहिलास? हार घालू का गळ्यात? पास दिला की जागा सोड!"

पण आम्ही सगळी क्लासची पोरं. पहाटेपासून पाठांतर. सरांनी फळ्यावर एक चाल काढून दाखवली: कडेच्यानं मधल्याला पास द्यायचा, त्याच्या पाठीमागून पुढं धावायचं, चेंडू परत घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळे ती पाठ करून आले. एकानं विचारलं, "सर, ह्यात आयएमपी काय?"

"समोरचा गडी आयएमपी हाय. तो कुठं हाय ते बघ आधी."

नांदेडच्या स्पर्धेला निघताना प्राचार्यांनी सांगितलं, जिंकून आलात तर शेड तुमची, नाहीतर क्रॅश कोर्सवाल्यांना भाड्यानं देतो. कोर्सवाला आधीच येऊन शेड मापून गेला होता.

तिथल्या सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. मग आमच्या कडेच्या खेळाडूनं मान वर न करता मध्ये पास दिला, फळ्यावर होती अगदी त्याच जागी. तिथं आमचं कुणी नव्हतं, चेंडू थेट समोरच्यांना मिळाला. समोरच्यानं अडवलं म्हणून आमचा मधला बाजूला सरकला होता. सरांचं शिकवणं त्या एकट्यानं ऐकलं आणि त्याच्यामुळंच आमच्यावर गोल झाला.

एसटीत कडेचा म्हणाला, "सर, मी तर बरोबरच दिला होता."

"हाव. पेपरात मार्क पडले असते."

आठवड्याभरात शेडमध्ये बाकं आली. माझ्या घरात पुस्तकांहून पत्रकं जास्त. वडिलांच्या मोर्च्यांची पत्रकं वाटतच मी वाढलो. मीही एक लिहिलं. मुलांची मैदानं खाऊन गुणवत्ता विकणाऱ्यांना त्यात नागडं केलं होतं. गठ्ठा घेऊन शेडच्या दारात उभा राहिलो.

आत बाकांच्या रांगांमधून सर फिरत होते. मला बघून बाहेर आले, एक पत्रक पूर्ण वाचलं.

"लई चांगलं लिवलंस. पण वाटू नको, बाबा. माझा पगार आता हाच क्लासवाला देतोय."

माझ्या पत्रकात प्राचार्य होते, क्लासवाला होता, सरकारही होतं. सरांचा पगार नव्हता. मी गठ्ठा पिशवीत कोंबला. बाकाखाली आमच्या मैदानाची पांढरी रेघ अजून दिसत होती. मागच्या बाकावरचा एक पोरगा वळून आमच्याकडं बघत होता.

सर दारातूनच ओरडले, "ए, समोर बघ! जागेवरून हलायचं न्हाई!"