माझ्याकडे दिलेली पहिली

माझ्यासाठी शाळेत भांडल्या त्या फक्त खिचडी शिजवणाऱ्या मावशी. निफाडकडच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच. स्कॉलरशिपच्या जादा तासाला सरांनी माझ्याहून कच्ची मुलं बसवली आणि मला पहिलीच्या पोरांवर नेमलं. "तू हुशार आहेस, तुला तासाची काय गरज? थेट परीक्षेला बस." मी किती फुगले होते! मग सरांनी परीक्षेला बसणाऱ्यांची नावं वाचली, त्यात मी नव्हतेच.

मावशी हात पुसत वर्गात आल्या. "सर, हिचं नाव का नाय?"

"हिला अभ्यासाला बसवून पहिली कोण सांभाळणार, तुम्ही?" सर हसले.

सातवीत माझी शाळा सुटली. आता इतक्या लांब, परक्या गावात, मला मोठ्याने बोलायची अजून धास्ती वाटते. पण मावशी, कधी तुमच्यावर वेळ आली, तर तुमच्यासाठी मी भांडेनच.