कडू घासाचा सोयरा

मुरबाडच्या छापखान्यातून सहाशे पत्रिका आल्या. महिपतने पहिली देवापुढे ठेवली आणि दुसरी उघडून नावं तपासायला बसला. खर्च वाढायला नको म्हणून दोन्ही घरांची पत्रिका एकच काढली होती. मुलगी कुणाली, जावई वाशिंदचा ऋतिक. खाली निमंत्रकांची सत्त्याऐंशी नावं आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येक नावापुढे कंसात गाव. एकही काना-मात्रा चुकली नव्हती. महिपत समाधानाने उठला आणि व्याह्यांच्या वाट्याचा दोनशे पत्रिकांचा गठ्ठा बाजूला काढून वरची एक त्याने वाशिंदला नमुना म्हणून धाडली.

दुसऱ्या दिवशी ऋतिकचे वडील कमळाकर मोटरसायकलवरून थेट दारात. ओटीवर बसले, पण महिपतची बायको अनिता हिने पुढे केलेल्या तांब्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"व्याही, हा गुलजमान कोण?"

"माझा दोस्त. शारजात सोळा वर्षं एका खोलीत होतो."

"असू दे. पण कंसात काय छापलंय? स्वात, पाकिस्तान! तिकडे सीमेवर तोफा चालल्यात. टीव्ही नाय बघत तुमी?"

बघत होता. महिपत शारजात सुतारकाम करायचा. स्लॅब ओतायचे लाकडी साचे बांधायचा. फळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं गुलजमानच्या. दोघेही सहा वर्षांपूर्वी आपापल्या गावी परतले. सिद्धगडाच्या पायथ्याला महिपतची भातशेती, तिकडे गुलजमानची पीचची झाडं. दर शुक्रवारी फोन. बोलणं काय, तर पाऊस, कीड आणि दोघांचे दुखरे गुडघे. बातम्यांचा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता.

"ही ओळ काळी करा," कमळाकर म्हणाले. "नायतर माझ्या घरून एक पत्रिका निघायची नाय. आमची भावकी मांडवात पाय ठेवणार नाय, आताच सांगून ठेवतो."

लग्नाला अकरा दिवस होते. अनिता नवऱ्याला दाराआड घेऊन म्हणाली, "एक रेघ मारायची, एवढंच ना? पोरीचं लग्न मोडताव काय?"

महिपतला तेही कळत होतं. गुलजमानला विचारलं असतं, तर तो 'काट' म्हणाला असता. म्हणून तर महिपतने त्याला विचारलंच नव्हतं.

तो परत ओटीवर आला, तोवर कमळाकर थोडे नरमले होते. "बरं, नाव राहू द्या. नुसतं गाव खोडा. शहापुरातला कोणतरी गुलजमान समजतील लोकं."

"एवढ्या सगळ्यांना गाव आहे, आणि त्यालाच नाय?" महिपत म्हणाला. "माणूस काय रस्त्यावर सापडला?"

"मग त्याचं नाव सोयऱ्यांत घातलंच कशाला? सोयरा हाय का तो?"

"ते ऐका, मग काय करायचं ते करा."

आणि महिपतने सांगितलं. बाप वारला तेव्हा तो शारजात होता. रजा मिळाली नाही. कामावरून खोलीत यायचा आणि बसून राहायचा. सुतकात घरची चूल पेटत नाही, सोयरे भाकरी आणतात, शोकाचा तो कडू घास भरवतात. तिथे कोण आणणार? दुसऱ्या दिवशी गुलजमानने विचारलं, स्टोव्ह का नाही पेटवत? महिपतने कारण सांगितलं. त्या दिवसापासून दहाव्यापर्यंत गुलजमान पहाटे उठून डाळ-रोटी करायचा आणि पहिला घास स्वतःच्या हाताने भरवायचा. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा काही येईना. ऊन चढलं. शेवटी एक पांढरा समुद्रपक्षी आला आणि पिंड उचलून गेला. गुलजमान म्हणाला, "भाई, बाबाजी परदेस में आए हैं. जो मिला उसी से काम चला लिया."

कमळाकरांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "मटण खायचा का तो, त्या दिवसांत?"

"नाय. मी नको म्हटलं नव्हतं. त्याचं त्यानंच सोडलं."

"आणि हिकडे?" अनिता आतून म्हणाली. "हिकडे यांच्या सख्ख्या चुलत्यानं सातव्या दिवशी ढाब्यावर कोंबडी खाल्ली. त्याचं नाव तिसरं छापलंय, ते नाय कोण खोडा म्हणत!"

आता मात्र कमळाकर मोकळे हसले. मग त्यांनी पत्रिका पुन्हा हातात घेतली. "कडू घास देणाऱ्याला गोड घासाला बोलवायचं, हे आमच्यातपण हाय," ते म्हणाले. "पण व्याही, शंभर जण मलाच विचारतील. तोंड मला द्यावं लागेल."

"लागेल," महिपत म्हणाला.

कमळाकर तांब्या उचलून पाणी प्याले आणि दोनशे पत्रिका पिशवीत भरून घेऊन गेले.

त्या खरंच वाटल्या जातील का, याची महिपतला खात्री नव्हती. चौथ्या दिवशी मानपानाच्या साड्या घेऊन तो वाशिंदला गेला, तेव्हा कमळाकर शेजारच्या ओटीवर उभे होते. चुलतभाऊ स्वरूप पत्रिका नाचवत होता. "काय दादा, पाकिस्तानात सोयरीक केलीस काय?"

"आमच्या व्याह्याला तेरा दिवस कडू घास घातलाय त्या माणसानं," कमळाकर म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं घातला होता का तुला?"

दहाव्यापर्यंतच, तेरा दिवस नव्हे. महिपतने ते दुरुस्त न करता साड्यांचं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं.

स्वरूपने नाव पुन्हा एकदा वाचलं. "मग येणार हाय का तो?"

"कसा येईल? बॉर्डर बंद हाय. त्याच्या वाटणीचं जेवायला तू लवकर ये," कमळाकर म्हणाले आणि पिशवी उचलून पुढच्या दाराकडे चालू लागले.